तुळसाचे इवले वल्हे

एका मोठ्या शहराच्या पोटात, उंच उंच इमारतींच्या आड, एक तळे लपून बसले होते. रस्त्याने जाणाऱ्याला ते दिसत नसे. आधी दाट झाडी लागे. जांभूळ, करंज, अर्जुन, आणि अगदी काठाशी, पाण्यात आपले रूप पाहायला वाकलेली एक जुनी बकुळ. त्या झाडीतून तांबड्या मातीची पायवाट वळणे घेत खाली उतरे. मोटारींचा गोंगाट हळूहळू मागे राही आणि पानांच्या फटीतून एकाएकी पाणी लुकलुके. शहरातली दमलेली माणसे तेथे फिरायला येत, बाकांवर टेकत, पक्षी पाहत, आणि घटकाभर का होईना, हलक्या आवाजात बोलू लागत. त्या तळ्याला सारे बकुळतळे म्हणत.

बकुळीपासून हाकेच्या अंतरावर पत्र्याच्या छपराची एक खोली होती. तीत भिकाजी नावाडी आणि त्याची चिमुकली लेक तुळसा राहत असत. तुळसा तान्ही असतानाच तिची आई देवाघरी गेली होती. तुळसाच्या परकराला ठिगळे होती, पण तिचे केस नीट विंचरलेले असत आणि तिचे डोळे टपोऱ्या जांभळांसारखे चमकत. भिकाजी लोकांना नावेतून तळ्यात फिरवून आणी, आणि त्यावरच दोघांची चूल पेटे.

“बाबा, मला वल्हवू द्या ना,” तुळसा रोज म्हणे.

“तुझ्या मापाचे वल्हे अजून झाडावर वाढते आहे,” भिकाजी गंभीर चेहऱ्याने सांगे. “पिकले की उतरवू.”

पण त्या वर्षी तळ्यावर जलपर्णी पसरली. वरून तिची हिरवी तुकतुकीत पाने आणि फिक्या जांभळ्या फुलांचे तुरे मोठे गोजिरे दिसत. खाली मात्र मुळांचे असे घट्ट जाळे होते, की वल्हे त्यात रुतून बसे आणि नाव जागची हलत नसे. फिरायला येणारी माणसे काठावरूनच परतू लागली. भिकाजीच्या घरची चूल दिवसातून एकदाच पेटू लागली.

“पोळा झाला की आपण मामाकडे जायचे, तुळसा,” भिकाजी एकदा जेवताना म्हणाला. “तिकडे दगडाच्या खाणीवर काम मिळेल. आपली नाव धरणावरचा एक कोळी घेऊन जाईन म्हणतो.”

“आणि बकुळ?”

“बकुळ कशी न्यायची, वेडे? गाठोड्यात मावते का ती?”

भिकाजी हसला खरा, पण ताटातली उरलेली अर्धी भाकरी त्याने गुपचूप तुळसाच्या ताटात सरकवली. तुळसाने ती पाहिली, आणि तिचा एक तुकडा मोडून परत बाबांच्या ताटात ठेवला.

श्रावण लागला होता. कोवळे पिवळे ऊन आणि रेशमासारखी भुरभुर आळीपाळीने तळ्यावर येत. श्रावणात घरोघरी पूजा, आणि पूजेची फुले शिळी झाली म्हणून ती पायाखाली कशी येऊ द्यायची? म्हणून सारे जण ती मोठ्या श्रद्धेने तळ्यात सोडत. त्यात पहिला मान द्वारकाकाकूंचा. काकू जवळच्याच पेठेत राहत. लुगड्याची घडी न मोडता, पितळेची परडी सांभाळत त्या रोज सकाळी येत, निर्माल्य पाण्यात सोडत, माशांना कणकेच्या गोळ्या घालत आणि हात जोडून परत जात. निघताना तुळसाच्या हातावर एक खडीसाखरेचा खडा ठेवायला त्या कधी विसरत नसत.

तुळसा उजाडताच बकुळीखाली जाई. बकुळीची फुले कोणी तोडत नाही. ती आपण होऊन गळतात, आणि खाली पडलेली वेचायची असतात. इवल्या चांदण्यांसारखी ती फुले दोऱ्यात ओवून तुळसा गजरे करी आणि फिरायला येणाऱ्या बायकांना देई. वेचायची घाई मात्र करावी लागे, कारण माणसांची पावले पडू लागली की फुले चुरगळून जात.

त्या सकाळी तिने ओंजळ पुढे केली, तोच पाण्याच्या काठाशी काहीतरी फडफडले. झेंडूच्या जुन्या माळेच्या दोऱ्यात एक चतुर अडकला होता. त्याचे पंख सोनेरी, निळे, गुलाबी असे क्षणाक्षणाला रंग बदलत होते. तुळसा गुडघ्यांवर बसली. दोरा ओला होता आणि गाठी फार बारीक होत्या. जोर केला तर पंख फाटले असते, म्हणून ती एकेक गाठ नखाने हळुवार सोडवत राहिली. मागून फिरणारी माणसे आली आणि गेली. बकुळीखालची सगळी फुले तुडवली गेली. तुळसाने मान वळवून पाहिले, एक उसासा टाकला आणि पुन्हा गाठीकडे वळली.

शेवटची गाठ सुटली आणि तिच्या तळहातावर लख्ख उजेड पडला. तेथे चतुर नव्हता. अंगठ्याएवढी एक परी उभी होती. तिचा झगा सकाळच्या पाण्याच्या रंगाचा होता आणि केसांत दवाचा एक थेंब हिऱ्यासारखा झळकत होता.

“तुझी फुले गेली, बाळ,” परी म्हणाली. तिचा आवाज देवघरातल्या चिमुकल्या घंटेसारखा होता.

“उद्या पुन्हा पडतील,” तुळसा म्हणाली. “तुमचे पंख मात्र पुन्हा आले नसते.”

परी हसली. तिने ओंजळ उघडली आणि तुळसाच्या हातावर तीन बकुळफुले ठेवली. ती चांदीसारखी लकाकत होती.

“एकेक फूल म्हणजे एकेक इच्छा. फूल पाण्यावर ठेवायचे आणि मागायचे. पण नीट ऐक. ही फुले स्वतःसाठी नाहीत, दुसऱ्यासाठी आहेत. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचे.”

“नाही विचारले तर?”

“तरी मिळेल. पण त्याला ते गोड लागेलच, असे नाही.”

एवढे बोलून परी बकुळीच्या पानांत दिसेनाशी झाली.

तुळसा आनंदाने घराकडे धावत सुटली, ती वाटेतच थबकली. जलपर्णीच्या पानांवर, काठापासून थोड्या अंतरावर, एका कमळपक्ष्याने घरटे केले होते. त्याची शेपटी लांब, डौलदार, मान सोनेरी. घरटे कसले, चार ओल्या काड्या, आणि त्यांवर तांब्याच्या लोटीसारखी चकाकणारी इवली अंडी. वारा आला की सारे डुगडुगे. तुळसाचे मन कळवळले. ‘केवढी ही ओल, आणि केवढे हे हिंदकळणे,’ तिला वाटले. नियम तिला आठवला नाही असे नाही. पण इतक्या चांगल्या गोष्टीसाठी काय विचारायचे, असे तिला वाटले. तिने एक फूल पाण्यावर ठेवले आणि घरटे काठावरच्या मऊ हिरवळीवर यावे, अशी इच्छा केली.

घरटे अलगद हिरवळीवर आले. कमळपक्षी मात्र पाण्यावरच राहिला. तो पानापानांवरून घाबरा होऊन धावत सुटला आणि सारखा ओरडू लागला. काठावर उतरायला काही तो धजेना. तेवढ्यात करंजावरचा एक कावळा मान तिरकी करून अंड्यांकडे पाहू लागला.

तुळसाचे डोळे भरून आले. तिने घाईघाईने दुसरे फूल पाण्यावर ठेवले. घरटे पुन्हा आपल्या ओल्या, डुगडुगत्या जागी गेले. पक्षी पंख पसरून त्यावर बसला आणि डोळे मिटून शांत झाला.

तिने घरी येऊन बाबांना सारे सांगितले. भिकाजीने परीचे नाव ऐकून भुवया उंचावल्या, पण लेकीला खोटे पाडले नाही.

“कमळपक्ष्यांत अंडी बाप उबवतो, ठाऊक आहे?” तो म्हणाला. “त्याला आपले घर हलतेच आवडते. माझेही तसेच.”

“बाबा, तुमच्यासाठी काय मागू?”

भिकाजीने हातातले वल्हे भिंतीला टेकवले. असे त्याला फार दिवसांत कोणी विचारले नव्हते. “तळे मोकळे व्हावे,” तो म्हणाला. “नाव चालली, की मला कशाला खाण आणि कशाला मामा?”

तुळसा उरलेले एकुलते एक फूल मुठीत धरून पाण्याकडे गेली. सगळी जलपर्णी नाहीशी व्हावी, एवढेच म्हणायचे होते. पण समोर त्याच पानांवर कमळपक्षी बसला होता. जलपर्णी गेली, तर त्याचे घर बुडणार. आणि नाही गेली, तर तिचे स्वतःचे घर सुटणार. ‘बाबांना विचारले,’ ती मनाशी म्हणाली, ‘पण तळे तर त्या पक्ष्याचेही आहे. आणि तळ्याला कोणी विचारले?’

ती पाण्यालगतच्या दगडी पायरीवर बसली. पाण्याकडे कान देऊन ऐकू लागली. खंड्या पक्ष्याने निळा सूर मारला. झाडावरून एक पान गळून पाण्यावर गोल गोल फिरले. दुपार कलली, ऊन मधासारखे पिवळे झाले, आणि तेव्हा कोठे, पायरीला लागणाऱ्या चुळुकचुळुक लाटेतून तिला एक थकलेला आवाज ऐकू आला.

“पोट भरले आहे गं माझे,” तळे म्हणाले. “सारे प्रेमाने वाढतात. फुले वाढतात, कणीक वाढतात. पुरे म्हणायला उसंत नाही. मला पचत नाही, ते ही जलपर्णी खाते आणि माजते.”

तुळसाने पाहिले. खरेच, जेथे रोज निर्माल्य पडे, तेथेच जलपर्णी सर्वांत गुबगुबीत होती. आज ती उपटली, तरी उद्या पुन्हा येणार होती. तिने डोळे मिटले आणि शेवटचे फूल पाण्यावर ठेवले.

“जे मला ऐकू आले, ते येथे येणाऱ्या सगळ्यांना ऐकू यावे.”

फूल तरंगत गेले आणि विरघळले. जलपर्णीचे एक पानसुद्धा हलले नाही. तुळसाची मूठ रिकामी झाली होती आणि पोळा जवळ आला होता. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

सकाळी द्वारकाकाकू आल्या. त्यांनी परडी पाण्यावर कलती केली आणि तशीच धरून ठेवली. बराच वेळ त्या कान देऊन उभ्या होत्या.

“अगं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “पाहुणा पानावर हात आडवा धरून बसला आहे, आणि मी आपली वाढतेच आहे.”

काकूंचा पंगतीतला आग्रह साऱ्या पेठेत गाजलेला होता. त्यांच्या घरी जेवलेला माणूस संध्याकाळी काही खात नसे. त्यांनी परडी सरळ केली.

“भिकाजी, येथे कुदळ आहे का रे?”

“आहे, काकू. कशाला?”

“बकुळीच्या बुंध्याशी एक खड्डा खण. ही फुले मातीत घालू. पायाखालीही येणार नाहीत आणि झाडाच्या पोटात जातील. ते तरी नको म्हणत नाही ना, हे आधी विचार.”

भिकाजीने बकुळीला कान लावला, लेकीकडे पाहून डोळे मिचकावले आणि सांगितले, “चालेल म्हणते.”

मग येणारा प्रत्येक जण काठावर थबकू लागला. कणकेच्या गोळ्या घरी परत गेल्या. निर्माल्य खड्ड्यात पडू लागले. काही दिवसांनी कोणीतरी धोतराचा काचा मारून पाण्यात उतरले, कोणी पाटलोणी गुडघ्यापर्यंत दुमडल्या, आणि सारे मिळून जलपर्णीचे भारेच्या भारे ओढून काढू लागले. द्वारकाकाकू काठावर उभ्या राहून, “अरे, तो कोपरा राहिला,” असे सांगत होत्या, आणि कोणी जलपर्णीच्या शेवटच्या हिरव्या तुकड्याकडे वळला, की तुळसा पुढे होऊन म्हणे, “तेवढे राहू द्या. तेथे एक बाबा अंडी उबवतो आहे.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तळे आरशासारखे मोकळे पसरले होते. त्यात आभाळाचा निळा तुकडा होता, झाडांची हिरवी झालर होती, आणि कमळपक्ष्याच्या मागे पानांवरून तुरुतुरु पळणारी कापसाच्या बोंडांएवढी पिल्ले होती. धरणावरचा कोळी नाव न्यायला आला होता. भिकाजीने त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानेच परत पाठवले.

तुळसा बकुळीखाली फुले वेचत होती. एका फुलातून मंद उजेड फाकला आणि परी बाहेर आली. तिचे पंख आता इंद्रधनुष्याहून झळाळत होते.

“तिन्ही फुले तू दुसऱ्यांना दिलीस,” परी म्हणाली. “आता माझा नियम मला पाळू दे. तुळसा, तुला काय हवे?”

तुळसा गोंधळली. हा प्रश्न ती दुसऱ्यांना विचारत आली होती. तिला तो कोणीच विचारला नव्हता. तिने नावेकडे पाहिले, मग बकुळीच्या फांद्यांकडे पाहिले, आणि लाजून परीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

परी किणकिणत हसली. तिने आपला हात बकुळीच्या खोडाला लावला. खोडावरून चंदेरी उजेड वर चढला, पानापानांतून सांडला, सारे तळे क्षणभर दुधासारखे पांढरे झाले. आणि तो उजेड ओसरला, तेव्हा परी कोठेही नव्हती. हवेत फक्त बकुळीचा वास होता.

मागून भिकाजी आला आणि डोक्यावरचा रुमाल काढून वर पाहत राहिला. फांदीच्या टोकाला, दोन पानांच्या मधे, एक इवलेसे गुळगुळीत वल्हे लोंबत होते.

“पिकले वाटते,” तो म्हणाला, आणि त्याने तुळसाला खांद्यावर उचलून घेतले, तिला ते स्वतःच्या हाताने उतरवता यावे म्हणून.