खेकडा आणि कारवीचा बहर

मुलांनो, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका रानात, ओढ्याकाठच्या जांभळीच्या मुळाशी, बीळ करून एक खेकडा राहत असे. स्वभावाने तो सुज्ञ होता, नीटनेटकाही होता. लहानपणापासून त्याच्या मनात एकच इच्छा घर करून होती. डोंगराच्या माथ्यावर कारवीची झुडपे आहेत. ती दर वर्षी फुलत नाहीत. सात वर्षांतून एकदाच फुलतात, आणि फुलली म्हणजे सगळा माथा निळाजांभळा होऊन जातो. खेकड्याच्या आईने तो बहर पाहिला होता. "आपल्या आयुष्यात तो एकदाच येतो, बाळा," ती सांगे. "तुझ्या वेळी चुकवू नकोस."

यंदा तो बहर आला. माथ्यावरून एक बारीक ओहोळ उतरून ओढ्याला मिळत असे. कल्ले ओले राहिल्यावाचून खेकड्याला श्वास घेता येत नाही. म्हणून वर जाण्याची त्याची वाट ती एकच होती, आणि पाऊस ओसरला की तीही आटणार होती. हे सारे खेकड्याला ठाऊक होते. तरी त्याचे निघणे होईना. आरंभी त्याने जुने कवच टाकले होते; नवे कठीण होईपर्यंत थांबणे भाग होते, आणि ते योग्यही होते. पण कवच कठीण झाले, तेव्हा त्याला बिळाचे तोंड गाळाने बुजलेले दिसले. घर असे टाकून जाणे त्याला प्रशस्त वाटेना. तो रोज गाळ उपशी, आणि ओढा रोज नवा गाळ आणून टाकी.

जांभळीच्या ढोलीत एक मधमाशी राहत असे. कारवीच्या मधासाठी तिच्या दिवसभर खेपा चालत. जाता जाता ती विचारी, "काय खेकडेदादा, येता ना?"

"हा काय, निघालोच," खेकडा आतून उत्तर देई.

शेजारच्या दगडावर एक बेडूक बसलेला असे. तो म्हणे, "अगं, त्याला कशाला विचारतेस? तो परवाच गेला. हा दिसतोय तो त्याचा भाऊ."

"थट्टा पुरे," खेकडा म्हणे. "एवढा गाळ निघाला की निघालोच म्हणून समज."

"मला काय समजायचं ते मी केव्हाच समजलोय," बेडूक म्हणे, आणि डोळे मिटून घेई.

एके दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले. मधमाशी त्या दिवशी खेकड्याजवळून उडून गेली नाही. बिळाच्या काठावर बसली. "दादा, ओहोळ वरच्या अंगाला तुटू लागला आहे," ती म्हणाली. "फुले अजून आहेत. आणि रागावणार नसाल तर एक सांगते. 'निघालो' म्हणजे निघून झाले. तुम्ही तर अजून दारातच आहात. तुम्ही शब्द आधी उच्चारून टाकता, आणि मनाला वाटते, निम्मे काम झाले."

नांगीत धरलेला गाळ खेकड्याने तसाच खाली ठेवला, अर्धवट बुजलेल्या बिळाकडे एकवार पाहिले, आणि ओहोळाच्या पाण्यात पाय टाकला.

"अरे, खरंच कुठे चाललास?" बेडकाने डोळे उघडून विचारले. खेकड्याचे लक्ष चढाकडे होते.

खेकड्याची चाल आडवी, त्यामुळे माथा त्याला समोर कधी दिसलाच नाही. तो सदैव एका बाजूला राहिला. जिथे ओहोळ तुटला होता तिथे ओल्या शेवाळाखाली अंग चोरून तो पडून राहिला, आणि पहाटेचे दव पडताच पुढे सरकला. एकदा पाय निसटून तो बराच खाली घसरला. त्याला बिळाची आठवण झाली, पण मागचे पाणीही आटत आले होते; आता खाली उतरण्यापेक्षा वर चढणेच सोपे, असे त्याला वाटले. तो चढत राहिला.

माथ्यावर पोहोचला तेव्हा सकाळचे धुके विरत होते. धुक्यातून आधी एक झुडूप दिसले, मग उतारच्या उतार. आईने सांगितला होता त्याहून तो रंग निराळा होता. इतकी वर्षे मनात जपलेला रंग आईच्या शब्दांचा होता, हा त्याच्या स्वतःच्या डोळ्यांचा होता. खेकडा कितीतरी वेळ हलला नाही.

मधमाशी एका फुलातून बाहेर आली. तिने त्याला पाहिले, आणि खाली आटत चाललेल्या ओहोळाकडेही पाहिले. "दादा, आता घरी कसे जाल?"

"पाऊस येईल तेव्हा वाट होईल," खेकडा म्हणाला. "इथली माती ओलसर आहे. तोवर इथेच राहीन."

आणि कारवीच्या मुळाशी त्याने नवे बीळ कोरायला घेतले. मध्ये मध्ये नांगी थांबवून तो फुलांकडे पाही. त्यामुळे ते बीळ होण्यास फार वेळ लागला, आणि त्याचे त्याला मुळीच वाईट वाटले नाही.

तात्पर्य : मनापासून जे करायचे आहे, ते इतर कामे संपण्याची वाट पाहत अडवून ठेवू नये; कामे संपत नाहीत, बहर मात्र संपतो.