मध्यम उतरवलेली पेटी

एकदा एका वृद्ध संपादकांनी स्वतःची चांगली वाजती पेटी स्वतःच्या हातानं बिघडवली. भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना, आणि तीही आपल्या एका शिष्याच्या डोळ्यांदेखत. शिष्य कौतुकाच्या अपेक्षेनं आला होता. त्याला वाटलं, सरांचं काही खरं नाही.

हे संपादक पुष्कळ वर्षं एक साप्ताहिक चालवून निवृत्त झाले होते. काही सुहृदांना हाताशी धरून त्यांनी तालुक्याच्या गावी एक फेलोशिप सुरू केली होती. लिहू पाहणाऱ्या किंवा कॅमेऱ्यावर काही करू पाहणाऱ्या सहा तरुणांना वर्षभर दरमहा मानधन मिळे. त्या काळात दुसरं काम धरायचं नाही, आणि वर्षाअखेरीला आपण पाहिलेली एक खरी गोष्ट घेऊन यायचं, एवढ्याच अटी. समारोपाच्या दिवशी त्या सहांतल्या एकाला आणखी एक वर्ष दिलं जाई.

त्या शिष्याला, म्हणजे शार्दूलला, ते दुसरं वर्ष हवंच होतं. नाही मिळालं तर मामाचा फोटो स्टुडिओ होताच. म्हणजे पुन्हा लग्नाआधीची शूटिंगं, पुन्हा नवरा-नवरीला हात धरून उसाच्या फडातून पळवायचं आणि वर ड्रोन उडवायचा. या कामाचा त्याला इतका वीट आला होता की नुसता ऊस दिसला तरी तो मान फिरवायचा.

पोरगा हुशार होता, यात वाद नाही. शेजारच्या गावात रंगनाथ सुतार नावाचे सत्तरीतले गृहस्थ पेट्या दुरुस्त करतात, हे त्यानं बरोबर हेरलं. एका सकाळी तो कॅमेरा घेऊन तिथं पोचला. रंगनाथांना कमी ऐकू येतं हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो जरा मोठ्यानं बोलू लागला. म्हातारपण आहे, चालायचंच! रंगनाथांच्या पत्नी गोदाक्का शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यातल्या ताटात पेटीतल्या सूर देणाऱ्या पितळेच्या पत्त्या होत्या. शार्दूल अदबीनं म्हणाला, “अक्का, जरा आत बसता का? फ्रेममध्ये येताय.” त्या ताट उचलून आत गेल्या. मग त्यानं रंगनाथांना पत्ती कानाशी धरायला सांगितली, तिच्यावर कानस फिरवायला सांगितली, मान डोलवायला सांगितली. खिडकीतून ऊन छान येत होतं. दोन तासांत काम झालं. निघताना आतून गरम पोहे आले, ते खाऊन तो परतला.

सात मिनिटांची फिल्म तयार झाली. नाव ठेवलं ‘एकट्याचा कान’. बाकीच्या पाचही फेलोंनी ती पुन्हा लावायला सांगितली, केतकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. समारोपाला दहा दिवस होते आणि दुसरं वर्ष कुणाला मिळणार हे जो तो समजून चुकला होता.

संपादकांनी फिल्म शेवटपर्यंत पाहिली.

“किती वेळ होतास तिथं?”

“दोन तास, सर. पण लाइट बघा ना कसला मिळालाय!”

संपादक उठले. कपाटातून त्यांनी आपली पेटी काढली आणि वाजवून दाखवली. सगळे सूर स्वच्छ होते. मग झाकण उघडून त्यांनी मध्यमाची पत्ती बाहेर काढली, खिशातल्या चाकूनं ती मुळाशी दोन-तीनदा करकरून खरवडली आणि परत बसवली. पुन्हा वाजवली, तर मध्यम पार उतरलेला. ऐकवेना.

“अहो सर! चांगली होती की ती!”

“होती,” संपादक म्हणाले. “आता रंगनाथांकडे घेऊन जा आणि दुरुस्त होईपर्यंत तिथंच बसून राहा. कॅमेरा या टेबलावर ठेव. फोन खिशातून काढायचा नाही.”

“पण समारोप तोंडावर आलाय. फिल्मचं काय?”

“आधी पेटी आण.”

दुसऱ्या दिवशी एसटीत मांडीवर पेटी घेऊन शार्दूल मनातल्या मनात चरफडत होता. मानधन देतात म्हणून काय हमाली करून घ्यायची? कामाची कदर नाही ती नाहीच.

रंगनाथांनी पेटी उघडली, पत्ती काढली आणि कानाशी न नेता सरळ गोदाक्कांच्या ताटात ठेवली. अक्कांनी ती वाजवून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “कुठल्या आडदांडानं खरवडली रे ही?”

“आमच्या सरांनी.”

“अगं बाई! त्यांना काय झालं?” आणि त्या खो खो हसल्या. मग पत्तीच्या टोकावरून कानस हलकेच फिरवायची, वाजवायची, डोळे मिटायचे, पुन्हा फिरवायची, असं त्यांचं सुरू झालं. रंगनाथ पलीकडे भात्याला कातडं चिकटवत बसले होते. शार्दूलला काही उमगेना.

“काका, सूर तुम्ही नाही का बघत?” त्यानं मोठ्यानं विचारलं.

रंगनाथ हसले. “मोठ्यानं बोललेलं कळतं रे. सूर कळायचा बंद होऊन आठ वर्षं झाली. लाकूड माझं, भाता माझा. सूर सगळा हिचा.”

शार्दूलनं विचारलं, “मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तू म्हणालास कान लावा, मी लावला. लांबून आलेलं पोर, त्याचं मन कशाला मोडायचं?”

“आणि मी तर आत होते,” अक्का म्हणाल्या. “तुझ्यासाठी पोहे टाकले होते.” त्यात टोमणा नव्हता. असता तर शार्दूलला जरा बरं वाटलं असतं.

घासलेली पत्ती एका दिवसात सूर धरत नाही. तिला बसू द्यावं लागतं आणि पुन्हा पाहावं लागतं. त्यामुळे शार्दूलला चार दिवस जावं लागलं. करायला काहीच नव्हतं, तेव्हा तो अक्कांच्या जुन्या आठवणी ऐकत बसला. सासरे आपल्या मुलाला, म्हणजे रंगनाथांना, पुढच्या सोप्यात सूर शिकवत, तेव्हा नवी सून गोदा आत चुलीशी भाकऱ्या थापत असे. एकदा तिच्या तोंडून आतूनच निघून गेलं, “उतरलाय की तो!” सासऱ्यांनी पत्ती तपासली, तर खरंच उतरलेला. त्या दिवशी त्यांनी तिला बाहेर बोलावून पत्त्यांचं ताट तिच्यापुढं ठेवलं. तेव्हापासून ती त्या जागेवर बसत आली होती. चाळीस वर्षांत तिथून तिला कुणी उठवलं नव्हतं. शार्दूलनं उठवलं होतं.

पेटी घेऊन तो परतला. संपादकांनी वाजवली. मध्यम जिथल्या तिथं होता.

“सर, तुम्हाला सगळं ठाऊक होतं,” शार्दूल म्हणाला. “मला सरळ सांगायचं होतंत.”

“माझी पेटी वर्षानुवर्षं तिथंच जाते, ठाऊक नसेल कसं? पण सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? अक्कांचा एक शॉट आणून मधे चिकटवला असतास आणि मोकळा झाला असतास.” संपादकांनी झाकण लावलं. “मामाच्या स्टुडिओत तुला घाई करावी लागत होती, तो तुझा दोष नव्हता. इथं आम्ही मानधन दिलं ते फिल्म विकत घ्यायला नाही. तुला घाई करण्याचं कारण उरू नये, म्हणून दिलं. हाताशी अख्खं वर्ष होतं, बाळा, आणि तू त्या घरी दोन तास थांबलास. मनात एकटा म्हातारा घेऊनच निघाला होतास. तो तिथं एकटा नव्हता, म्हणून तू त्याला एकटा केलास.”

शार्दूलला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

समारोपाला चारच दिवस उरले होते. एवढ्यात नवी फिल्म होणं शक्य नव्हतं, आणि जुनी त्यानं मागे घेतली. व्यासपीठावर उभं राहून त्यानं झालेला प्रकार सांगितला आणि तो खाली बसला. दुसरं वर्ष केतकीला मिळालं. कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्यांशेजारी ती वर्षभर बसली होती. शार्दूलला फार वाईट वाटलं. संपादकांनी त्याची समजूत घातली नाही.

तो पुन्हा मामाकडे गेला. पुन्हा ऊस, पुन्हा ड्रोन. महिन्याभरानं एका सुट्टीच्या सकाळी मामाचा कॅमेरा मागून घेऊन तो रंगनाथांच्या दारात उभा राहिला. खांद्यावरचा कॅमेरा दिसताच गोदाक्का न सांगता उठल्या आणि ताट उचलून आत निघाल्या.

“बसा, अक्का,” शार्दूल म्हणाला. “तुम्ही उठायचं नाही.”

“अरे, मग पोहे कोण करणार?”

शार्दूलनं कॅमेऱ्याची पिशवी न उघडता कोपऱ्यात ठेवली आणि तो आत गेला. थोड्या वेळानं त्यानं आतूनच विचारलं, “अक्का, पोहे कुठल्या डब्यात असतात?”