साच्यावर डोळा

संगणकांच्या पडद्यांना मागे पोट सुटलेलं असे, त्या काळी एका प्रोग्राममध्ये कोडच्या ओळी राहत. एक्सएमएल, म्हणजे खुणांनी कप्पे पाडलेल्या फाइलमधला कप्पा उघडायचा, मजकूर बदलायचा, कप्पा बंद करायचा, असं जी ती आपापलं करी.

एकदा क्लास नावाचा कोडचा साचा आला. "मावशी, सगळ्यांचे कप्पे मी सांभाळतो. तुम्ही नुसता मजकूर सांगा," तो त्यांतल्या एका म्हाताऱ्या ओळीला म्हणाला.

"आमची जागा बळकावणार मेला," म्हणत ती त्याच्यावर डोळा ठेवून बसली, आणि तिने पकडलंच. "कप्पा उघडाच राहिला की रे! आता सगळ्यांच्याच फाइली बिघडवशील!"

साचा ओशाळला. "मग मावशी, तुम्ही माझ्या आतच येऊन बसा. प्रत्येक कप्पा तुमच्या नजरेखालून जाऊ दे."

मावशी आत गेली. तिचा अजूनही त्याच्यावर विश्वास नाही, म्हणून कुणाचीच फाइल बिघडत नाही.