उपाध्यक्षांची भर

‘शिंपला’ नावाचा एक शेल आहे. म्हणजे संगणकाला टाइप करून हुकूम सोडायची सोय. तो कुणीही फुकट वापरावा, कुणीही त्यात भर घालावी. अट एकच: भर घातलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या कुणीतरी वाचायची, कारण एक ओळ चुकली तर लोकांच्या फायली उडतात. हे वाचायचं काम शाल्मली वाकणकर नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं करत आलीये. आता तिचे डोळे दुखतात, मान दुखते, आणि कंटाळा तर विचारूच नका.

अशा शाल्मलीला देवस्थळीसाहेबांनी शिंपल्याच्या सभेत सगळ्यांसमोर धरलं. साहेब मोठ्या कंपनीचे उपाध्यक्ष. त्यांनी स्वतः लिहिलेली भर तिच्याकडे न वाचलेली पडून होती.

“वाचायचंय काय त्यात? लिहिणारा कोण आहे ते बघा! आज घेतली नाहीत, तर आमची माणसं तुमच्या मदतीला येणं बंद.”

शिंपल्याच्या मदतीला होती ती सगळी साहेबांच्याच कंपनीची माणसं होती. शाल्मलीने जांभई दाबली.

“घेते, साहेब. न वाचता घेते. फक्त पहिला मान तुमचा. तुमच्या कंपनीच्या सगळ्या सर्व्हरवर आत्ताच चढवू या. लावा फोन.”

साहेबांनी फोन काढला आणि हात तिथेच थांबला. “आत्ता? असं कसं? आमची पोरं आधी एकदा नजर टाकतील ना!”

“टाकू देत की,” शाल्मली दमल्या आवाजात म्हणाली. “फक्त लिहिणारा कोण आहे ते त्यांना सांगू नका. नाहीतर चुका दाखवायची त्यांची हिंमत व्हायची नाही.”