समोरचा रिकामा पाट

ज्याची आपण वाट बघतोय, तोच आपली वाट बघत बसलाय, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का?

फार पूर्वी नदीकाठी एक विद्यापीठ होतं. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक गुरुजी नेमून दिलेले असत. संध्याकाळी गुरुजी अंगणात दोन पाट मांडून बसत. विद्यार्थ्याने समोरच्या पाटावर बसून आपल्याला काय व्हायचंय ते सांगावं आणि गुरुजींनी कोणता पाठ आधी, कोणता नंतर ते समजावून द्यावं, अशी तिथली रीत होती.

घाटापलीकडच्या गावातून शेवंती तिथे आली. तिच्या गावात वैद्य नव्हता. निघताना आई म्हणाली होती, "शिकून लवकर ये गं. तापलेलं लेकरू उचलून घाट ओलांडायचा, म्हणजे जीव टांगणीला लागतो."

रोज ऊन कललं, की शेवंती त्या घाटाकडे बघत राही. आई या घटकेला दारात उभी असेल, असं तिला वाटे.

"गुरुजींना एकदा भेटून तरी ये," मैत्रीण म्हणायची. "ते काय तुला खाणार आहेत?"

"एवढे मोठे ते. बोलावतील तेव्हा जाईन."

"मग बस घाट बघत."

तिकडे गुरुजी रिकाम्या पाटाकडे बघत असत. मुलीला वैद्य व्हायचंय, हे त्यांच्या कानावर होतं. झाडपाला ओळखण्याचा पाठ फक्त पावसाळ्यात, डोंगर हिरवा असतानाच होतो, हेही त्यांना ठाऊक होतं. निरोप धाडावा असं कितीदा मनात यायचं. पण ते स्वतःलाच सांगायचे, "तहानलेला विहिरीकडे येतो. विहीर कुणाच्या दारी जात नाही."

पावसाळा सरला. शेवंती त्या दिवसांत औषधं कुटायला शिकली होती. मोठ्या आनंदाने ती वैद्यांच्या वर्गात गेली, तर तिथले आचार्य म्हणाले, "पोरी, पाला ओळखता येत नाही, तर औषध कशाचं देशील? डोंगर आता वाळला. पुढच्या पावसाळ्यात तो पाठ घे, मग ये."

त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा गुरुजींसमोरच्या पाटावर बसली.

"गुरुजी, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू आलीच नाहीस, बाळ. विहीर काही चालत जात नाही."

"नाही जात. पण रहाटाची कुरकुर तरी लांबवर ऐकू येते."

गुरुजींची मान खाली गेली. शेवंतीने डोळे पुसले.

"आणि मी तरी घागर घेऊन कुठे निघाले होते?" ती हळूच म्हणाली. "आई मात्र आणखी एक पावसाळा दारात उभी राहील."

गेलेलं वर्ष काही परत आलं नाही.

तात्पर्य काय, तर विचारायला जाणं हे शिकणाऱ्याचं काम आणि वेळ निघून जाण्याआधी हाक मारणं हे जाणत्याचं. दोघंही आपापल्या जागी अडून बसले, तर डोंगर कुणासाठी हिरवा राहत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेवंती नदीकडच्या वाटेने जाऊन गुरुजींच्या अंगणात बसली, आणि गुरुजी बागेतल्या वाटेने येऊन तिच्या खोलीच्या दाराशी उभे होते.