अंबादास मापाड्याचं अडलेलं वजन

एका गावात एक भोळा मापाडी होता. नाव अंबादास. बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गोण्या काट्यावर घ्यायच्या आणि आकडा सांगायचा, हे त्याचं काम. कामाला चोख. एक गोष्ट सांगितली की तो ती कधी विसरत नसे. तेच तर त्याचं दुखणं होतं.

अंबादास स्वतःच जवळजवळ तीन गोण्यांचा होता. लग्नात भरला एकशे चाळीस किलो. त्यांच्यात रीत अशी, की नव्या जोडप्यानं खंडोबाच्या गडावर जायचं आणि नवऱ्यानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या. अंबादास उचलायला वाकला. वाकला तो वाकलाच. त्याला सरळ करायला दोन मेहुणे लागले. मग सगुणा, म्हणजे त्याची बायको, आपल्या पायांनीच पायऱ्या चढली. पाहुणे हसले. तीही हसली. पण त्यानंतर गावात कुणाचंही लग्न असो, ती गडावर म्हणून गेली नाही. घरी धुणं पडलंय म्हणायची. सात वर्षं गावाला वाटत होतं, या बाईकडं धुणं फार.

एकदा अंबादासनं विचारलंच, "सगुणे, एवढं धुणं येतं कुठनं?"

सगुणा म्हणाली, "धुणं कसलं मेलं! पाच पायऱ्या राहिल्यात माझ्या."

अंबादासला गोष्ट कळली. तो शहरात जाऊन पोटाचं ऑपरेशन करून आला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या पोटातली पिशवी लहान केलीय. आता थोडक्यात पोट भरेल. पण गुडघे कच्चे आहेत. शंभराच्या खाली आल्याशिवाय बायकोला उचलायचं नाही." मापाड्याला हे लगेच पटलं. गोणीच लहान केली तर माल कमीच बसणार.

आणि वजन उतरलं की हो! एकशे चाळीसचे एकशे वीस झाले, एकशे वीसचे एकशे दहा. सगुणानं ट्रंकेतलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं आणि उन्हात टाकलं. गल्लीतल्या बायकांनी ते बघितलं आणि एकमेकींना डोळ्यांनी खुणावलं. मग एकशे चारावर काटा थांबला. महिना झाला, एकशे चार. दुसरा महिना झाला, एकशे चार. अंबादास श्वास सोडून उभा राहिला, एका पायावर उभा राहिला, डोळे मिटून उभा राहिला. एकशे चार.

आता गावाला कंठ फुटला. कुणी म्हणालं, कोमट पाण्यात लिंबू पीळ. कुणी म्हणालं, लिंबानंच अडलंय, लिंबू सोड. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, आमच्या वेळी अशी पोटं नव्हती आणि अशी ऑपरेशनंही नव्हती. त्या म्हाताऱ्याचं पोट मांडीवर टेकलेलं होतं, पण ते जाऊ द्या.

अंबादास घरी येऊन उंबऱ्यात बसला. "सगुणे, माझ्यानं न्हाई व्हायचं गं."  सगुणानं लुगड्याची घडी केली आणि ट्रंकेत ठेवली. अंबादासनं ते बघितलं.  दुसऱ्याच दिवशी त्यानं दवाखाना गाठला.

दवाखान्यात जेवणाखाण्याचा सल्ला द्यायला देशमाने मॅडम होत्या. गोड बोलायच्या, हसून बोलायच्या, आणि एका दमात दहा माणसांना धीर द्यायच्या. त्या म्हणाल्या, "अंबादासभाऊ, वजन सगळ्यांचंच अडतं. शरीर जरा विसावा घेतं. खचायचं नाही! त्या काट्याकडे रोज बघणं आधी बंद करा. कपडे सैल झाले का, ते बघा."

"काट्याकडं बघायचं न्हाई. कपडे सैल झाले का बघायचं," अंबादास म्हणाला. आणि ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आवारात कांद्याची गाडी लागली. हमालानं गोणी काट्यावर टाकली. अंबादास काट्याकडं पाठ करून उभा.

अडत्या शांतिलालशेठ म्हणाले, "बोल, किती?"

"काट्याकडं बघायचं न्हाई, शेठ."

"मग कुणाकडे बघायचं? माझ्याकडे?"

अंबादासनं गोणी चाचपली. "कापड सैल लागतंय. माल उतरलाय. खचू नका."

शेतकऱ्यानं बोंब ठोकली. शेठनी कपाळावर हात मारला. "अरे सोन्या, माप म्हणजे माप! जे समोर येईल ते काट्यावर घ्यायचं. आकडा असा ओरडायचा की सगळ्या आवाराला ऐकू गेला पाहिजे. आणि बारदान वजा करायचं. गोणीचं वजन कुणी मालात धरतं का?"

"असं व्हय! आता न्हाई विसरायचो," अंबादास म्हणाला. आणि तो विसरला नाही.

गुरुवारी दवाखान्यात ऑपरेशन झालेल्यांची बैठक होती. तिचं नाव हलकंफुलकं मंडळ. आधी पडद्याआड जाऊन प्रत्येकानं वजन करायचं, मग गोल बसून एकमेकांना धीर द्यायचा. मॅडमना फोन आला आणि त्या बाहेर गेल्या. अंबादासनं बघितलं, काटा आहे, माल येतोय आणि मापाडी नाही. त्यानं पडदा सरकवला आणि काट्यापाशी उभा राहिला.

पहिल्या आल्या सुलोचनाबाई. हायस्कूलच्या मुख्याध्यापिका. सगळा तालुका त्यांना वचकून असे. त्या काट्यावर चढल्या आणि अंबादास ओरडला, "एकशे अठराऽऽ! बारदान दीड किलो वजाऽऽ! एकशे साडेसोळाऽऽ!"

खालच्या मजल्यावर औषधं घेणारी माणसं जिन्यात आली. सुलोचनाबाई खाली उतरल्या. त्यांनी आधी आपल्या नेसत्या साडीकडं बघितलं, मग अंबादासकडं बघितलं. त्या नजरेनं दोन वर्ग गार झाले असते. अंबादास म्हणाला, "पुढची गोणी."

मॅडम धावत आल्या. "अहो अंबादासभाऊ! इथे कुणाचा आकडा ओरडायचा नसतो! इथे कौतुक करायचं. जरासं उतरलं तरी टाळ्या वाजवायच्या. 'छान! असंच चालू ठेवा! तुम्ही एकटे नाही!' म्हणायचं. माणसाला हुरूप येतो."

"असं व्हय! मघाशीच सांगायचं की. आता न्हाई विसरायचो."

दुसऱ्या दिवशी कांद्याचा लिलाव होता. सकाळी भाव बरा निघाला. दुपारपर्यंत गाड्यांवर गाड्या आल्या आणि भाव घसरला. मग आणखी घसरला. आवारात सगळे गप्प झाले. शेतकरी डोक्याला हात लावून गोण्यांवर बसले. आणि त्या शांततेत टाळ्या ऐकू आल्या.

"उतरलाऽ! छान! असंच चालू ठेवा!" अंबादास शेतकऱ्यांमधून फिरत होता. एकाच्या तर पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम्ही एकटे न्हाई. समद्यांचाच उतरलाय."

पुढं काय झालं ते सांगत नाही. अंबादास शेठच्या गादीखाली सापडला एवढंच सांगतो. टोपी आवाराच्या बाहेर सापडली. एका वयस्क शेतकऱ्यानं त्याला ओढून बाहेर काढला आणि म्हणाला, "आरं गाढवा, उतरलं म्हणून टाळ्या पिटतात व्हय? कुणाचं उतरलं की तोंड पाडून हुबं ऱ्हावं. 'वाईट झालं. पन धीर सोडू नका, परत चढंल,' म्हणावं. एवढी तरी माणुसकी ठेव."

"असं व्हय!" अंबादास डोकं चोळत म्हणाला.

मग आला गुरुवार. त्या दिवशी सुलोचनाबाई हसत बसल्या होत्या. त्यांचंही वजन कधीचं अडलेलं, ते त्या आठवड्यात दोन किलो उतरलं होतं. मंडळात पेढे चालत नाहीत, म्हणून त्यांनी काकडीचे काप वाटले. अंबादासला मागचं माफ करून त्यालाही दोन काप दिले. म्हणाल्या, "भाऊ, उतरलं बरं का माझं!"

अंबादासनं टोपी काढली. तोंड पाडलं. "वाईट झालं, बाई."

"अं?"

"पन धीर सोडू नका. परत चढंल."

सुलोचनाबाईंच्या हातातली ताटली कलंडली. अंबादासनं काप गोळा करता करता बाकीच्यांकडंही बघितलं. ज्यांचं ज्यांचं उतरलं होतं त्यांच्यापुढं जाऊन तो जड आवाजात म्हणाला, "तुमचंबी परत चढंल. समद्यांचं चढंल. वरचा बघतोय." दोन बाया रडायला लागल्या. एक गृहस्थ उठून घरी गेले आणि म्हणे वाटेत भेळ खाल्ली.

देशमाने मॅडम अख्खा तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या. लोकांना धीर देऊन देऊन त्यांचाच सुटायला आला होता. त्या म्हणाल्या, "अंबादासभाऊ, हात जोडते. तुम्ही आता कुणाशी बोलूच नका. हातांना काम द्या. वजन उचलायचा व्यायाम करा. विकत काही आणायचं नाही, हाताशी जे असेल ते उचलायचं. फक्त एक लक्षात ठेवा. एकदम जड उचलायचं नाही, इजा होते. आधी हलकं उचलायचं. ते पेललं की मग जड."

"आधी हलकं. मग जड," अंबादास म्हणाला.

आणि नवल झालं. हे त्यानं बरोबर केलं! सकाळी आधी तांब्या, मग कळशी. दुपारी आधी पायली, मग पिठाचा डबा. संध्याकाळी आधी शेळीचं करडू, मग शेळी. शेळीला ते आवडत नसे, पण तिला कोण विचारतो? दंड भरले, पाय घट्ट झाले, आणि एक दिवस काटा हलला. आता तुम्ही म्हणाल, शहाणा झाला. थांबा जरा.

चंपाषष्ठीच्या दिवशी सकाळी अंबादास काट्यावर चढला. काटा दाखवत होता शंभरावर अर्धा. सगुणाचा चेहरा उतरला.

"बारदान," अंबादास म्हणाला.

सगुणानं त्याचा पट्टा काढला. मोबाईल काढला. किल्ल्यांचा जुडगा काढला. खिशातली काकडी काढली. काटा नव्व्याण्णववर आला. सगुणा मटकन खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

"आता काय झालं?"

"गप बसा. तुम्हाला न्हाई कळायचं," ती म्हणाली. आणि डोळे पुसून ट्रंक उघडली.

गडाच्या पायथ्याशी ही गर्दी! हलगी वाजतीय, भंडारा उधळतोय, 'येळकोट येळकोट जय मल्हार' चाललंय. नव्या जोडप्यांची रांग लागलेली. त्या पोरीसोरींच्या रांगेत आठ वर्षं जुनी नवरी हिरवं लुगडं नेसून उभी राहिली. लाजली तर इतकी, की कान तांबडे झाले. अख्खं गाव बघायला आलं होतं. नंबर आला. सगुणानं डोळे मिटले आणि त्याच्या गळ्यात हात टाकायला पुढं झाली.

अंबादास वाकला. आणि थबकला.

मापाड्याची नजर. त्यानं सगुणाला वरून खाली जोखलं. पंच्याहत्तरच्या आत नाही. जड. आणि एकदम जड उचलायचं नसतं. तो सरळ झाला आणि हाताशी काय आहे ते बघू लागला. शेजारी एक नवी नवरी उभी होती. किडकिडीत. शालूसकट बेचाळीस. तिचा नवरा, फोटो कुठून चांगला येईल ते फोटोवाल्याला समजावत होता.

अंबादासनं ती नवरी उचलली आणि चढायला लागला.

नवरी किंचाळली. हलगीवाल्याला वाटलं, हाच नवरदेव. त्यानं हलगी दणकवली. लोकांना वाटलं, हाच नवरदेव. त्यांनी भंडारा उधळला. फोटोवाल्यानं फोटोसुद्धा काढले. अंबादासनं पाच पायऱ्या चढून पोरीला अलगद खाली ठेवलं आणि तसाच खाली आला. दम लागला नव्हता. आनंदानं तोंड फुललं होतं. "पेललं, सगुणे! चल, आता तू."

सगुणानं डोळे उघडले.

"आठ वर्षं!" ती म्हणाली. "आठ वर्षं वाट बघितली मी! आन् तुम्ही दुसरीला घेऊन चढलात?"

"तुझ्यासाठीच गं! आधी..."

पुढचं बोलायला सवड मिळाली नाही. नवरीच्या बापानं पायताण हातात घेतलं होतं. मामा बाह्या सरसावत येत होता. नवरदेवही आला, पण तो आधी मोबाईल कुणाकडं द्यावा ते बघत होता. मागं गर्दी, दोन्ही बाजूंना पाहुणे. मोकळी वाट एकच, वर.

सगुणानं पायताणाकडं बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. मग पायऱ्यांकडं बघितलं. हमालाची लेक ती! तिनं पदर खोचला, पाठ दिली, अंबादासचे दोन्ही हात धरले, आणि आवारात गोणी घेतात तसा त्याला पाठीवर घेतला.

एक पायरी चढली. मामाचा हात वरच्या वर राहिला. दुसरी चढली. हलगी थांबली. तिसरीला पाय लटपटले, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "येळकोट!" चौथीला अख्खा पायथा ओरडत होता. पाचवीवर तिनं नवऱ्याला दाणकन उतरवलं. भंडाऱ्यानं दोघं पिवळेधमक झाले होते. नवरीचा बापसुद्धा पायताण काखेत धरून टाळ्या वाजवत होता.

सगुणा धापा टाकत होती. कुंकू कपाळभर पसरलं होतं. ती हसत होती आणि रडतही होती. "झाल्या बाई! झाल्या माझ्या पाच पायऱ्या! कुणी कुणाला उचललं, देव थोडाच विचारतोय?"

अंबादासचेही डोळे भरून आले होते. त्यानं बायकोच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला.

"समदं खरं, सगुणे," तो म्हणाला, "पन तू चुकलीस गं. एकदम जड उचललंस. इजा होती अशानं. आधी हलकं उचलायचं असतंय." आणि त्यानं मागं बोट दाखवलं. "ती बघ की, ती नवरी अजून हितंच हुबी हाय."