भुऱ्याच्या नावाचा अर्ज

निवृत्त परिचारिका कुमुदिनी टिपणीस यांनी नगरपालिकेत अर्ज दिला. भुऱ्या या आपल्या कुत्र्याला फिरवायला मुख्य पेठेत सलग फुटपाथ, झाडांची सावली आणि प्यायला पाणी हवं, असं त्यात होतं.

नगराध्यक्षांनी तो कुमुदिनीबाईंसमोरच भर सभेत मोठ्याने वाचला. सगळे हसले.

"बाई, इथे माणसांना या सोयी नाहीत, आणि तुम्ही कुत्र्यासाठी मागता?"

"साहेब, माझे यजमान त्याच पेठेतल्या तुटक्या फुटपाथवर पडले, तेव्हापासून मी माणसांसाठी हेच मागत आले. ते अर्ज कुणी उघडलेही नाहीत. कुत्र्याच्या नावाने दिला, तो तुम्ही स्वतः वाचलात."

नगराध्यक्षांनी अर्ज पुन्हा मनातल्या मनात वाचला आणि सही केली.

पेठेतला फुटपाथ झाला. पहिल्या संध्याकाळी चार कुत्री आली, आणि त्यांच्याहून कितीतरी जास्त म्हातारी माणसं, काठ्या टेकत.